दिव्याखालची फळी

रेजी मथाईने सागाची फळी माझ्या टेबलावर ठेवली, आणि फळीवर आपल्या बापाचा फोटो. स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, कडा नागमोडी कातरलेल्या.

“सिंधूताई, संताचा चेहरा थोडा पप्पांसारखा ठेवता येईल का?” तो म्हणाला. “दाढी असू द्या. पण डोळे, कपाळ... म्हणजे ओळखणाऱ्याला ओळखू यावं.”

मी ब्रश पुसत होते. तो कोरडा झाला तरी पुसत राहिले.

“आणि ही फळी आमच्या घरची. प्रार्थनेची. येशूच्या फोटोखाली पप्पांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती. वीस वर्षं हिच्यावर दिवा लागला. पप्पा रोज संध्याकाळी हिच्यासमोर गुडघे टेकायचे. चर्चचे अच्चन म्हणाले, संताला नवं लाकूड नको, जुनं पाहिजे. तुझ्या बापाची ती फळी दे, म्हणाले.”

फळीला मशीनला देतात तसा करडा रंग होता. वरच्या बाजूला तेलाचं काळं वर्तुळ.

“फोटो घेऊन जा,” मी म्हटलं.

“राहू द्या ना. बघायला लागेल.”

“नाही लागणार. हा चेहरा मला पाठ आहे.”

रेजीला ते बापाचं कौतुक वाटलं. त्याचे डोळे भरून आले. भला माणूस होता. बारा वर्षं मस्कतला राहिला, बापाच्या आजारपणात परत आला, बाप गेल्यावर इथेच राहिला. त्याला काही माहीत नव्हतं. मला त्याचाही राग आला. काही माहीत नसणं ही केवढी चैन आहे, असं सायकलवरून जाणाऱ्या त्याच्या पाठीकडे बघत मी मनाशी म्हटलं, आणि फोटो उचलून टर्पेंटाइनच्या डब्याखाली दाबून ठेवला. पालथा.

ही नव्याण्णव सालच्या जानेवारीतल्या, चर्चच्या जत्रेच्या आधीची गोष्ट, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतरची. मी तेव्हा पस्तिशीला टेकले होते. आमचं दुकान बसस्टँडसमोर, ‘उरकुडे आर्ट्स’. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीत सगळ्या पक्षांची चिन्हं. बाबांकडून अक्षर शिकले, बाकीचं बघून बघून. लग्न झालं नाही. स्थळं बघायला येत ती माझ्या नखांतला रंग बघून परत जात.

आणि दहा वर्षांपासून मी संतही रंगवत होते. तेही असंच झालं. आमच्या गावात कागदाचा कारखाना. तो सुरू झाला तेव्हा केरळची बरीच मंडळी कामाला आली, रेल्वे फाटकापलीकडे वसली, आणि त्यांनी आपलं छोटं ऑर्थोडॉक्स चर्च बांधलं. चर्चची पाटी लिहायला मला बोलावलं होतं. आत भिंतीवर एका म्हाताऱ्या साधूचं चित्र होतं, लाकडावरचं, काळपट चेहरा, मागे सोनेरी गोल. मी पाटी सोडून ते बघत उभी राहिले. मागून फादर आले. त्यांना सगळे अच्चन म्हणत. मल्याळममध्ये त्याचा अर्थ बाप.

“काय बघते, मोळे?” मोळे म्हणजे मुली.

“याच्या नाकावरचा उजेड चुकलाय,” मी म्हटलं.

“मी काढलंय ते.”

“तरी चुकलाय.”

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. तरुणपणी ते रशियात शिकायला गेले होते, तिथल्या एका मठात हे काम शिकले होते. आता त्यांचा हात थरथरायचा. म्हणाले, तू करून दाखव. त्या दिवसापासून दर बुधवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. फळी तासायची, सरस आणि खडूच्या भुकटीचे थर द्यायचे, काचेसारखं गुळगुळीत होईपर्यंत घासायचं. अंड्याच्या पिवळ्या बलकात रंग खलायचे. आधी सगळा काळोख लावायचा आणि मग त्यातून एकेक उजेड वर आणायचा. चेहरा शेवटी. आणि चेहऱ्यानंतर, अगदी सगळ्यांत शेवटी, नाव. नाव लिहिल्याशिवाय ते चित्र संताचं होत नाही, कुठल्या तरी दाढीवाल्या माणसाचं राहतं. एका पेंटरच्या पोरीला यातलं आणखी काही समजलं नसतं तरी एवढं समजलं असतं.

बाबाही त्याच कारखान्यात पेंटर होते. ‘धूम्रपान सक्त मना’, ‘हेल्मेट घाला’, सगळं त्यांच्याच अक्षरात. आणि रेजीचे पप्पा, मथाईसाहेब, चिपरवर फोरमन. चिपर म्हणजे बांबूचे तुकडे करणारं यंत्र. खोलीएवढं, आत पोलादी पाती. बांबू अडकला की माणूस आत उतरून साफ करी. त्याचं बटन दुसऱ्या टोकाला, तिथून आतला माणूस दिसायचा नाही. म्हणून बटनावर बोर्ड लटकवायचा नियम. विजेच्या पेटीजवळ टिनाचा बोर्ड चालत नसे, म्हणून सागाच्या फळीचा. जुना बोर्ड फुटला. नवा करायला बाबांना सांगितलं. तो त्यांनी घरी आणून केला, कारण कारखान्याच्या शेडमध्ये ओल्या रंगावर बांबूचा भुसा बसायचा. ओसरीवर बसून त्यांनी आखला. मी पंधरा वर्षांची. अक्षरांच्या आत लाल रंग भरायचं काम माझं. ‘माणूस’मधल्या ‘म’च्या पोटात माझ्या हातून एक थेंब ओघळला. मी रडकुंडीला आले.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “आतल्या माणसाला घाम आलाय म्हणू.”

बुधवारी सकाळी सायकलला बांधून त्यांनी तो नेऊन दिला. शुक्रवारी देवाजी मडावी आत असताना कुणीतरी बटन दाबलं.

चौकशीत मथाईसाहेब म्हणाले, मी चार दिवसांपासून बोर्ड मागत होतो, पेंटरने दिलाच नाही. पेंटर घेतो, असंही म्हणाले. बाबा पान सोडून काही घेत नव्हते. मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर दोन तास उभी राहून सांगितलं की बोर्ड आम्ही केला, मी स्वतः रंग भरला, त्यावर थेंब आहे. साहेबांनी विचारलं, मग तो बोर्ड कुठे आहे? सगळीकडे शोधला. बोर्ड नव्हता. बाबांना काढलं. तेराव्याला बाबा देवाजीच्या घरी गेले तेव्हा त्याची बायको जनाबाई उंबऱ्यात आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तू लिवला असता तं माहा मानूस वाचला असता.”

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले. दुकान टाकलं, गावाच्या निम्म्या पाट्या लिहिल्या. कधी कधी जेवताना मधेच थांबून विचारायचे, “सिंधू, आपण तो बोर्ड केला होता ना गं?” मी म्हणायची, हो बाबा. ते मान हलवायचे. शेवटच्या दोन वर्षांत मी हो म्हटल्यावरही ते माझ्याकडे बघत राहायचे. मी त्यांचं मन राखते आहे, असं त्यांना वाटत असे.

तर त्या माणसाच्या चेहऱ्यामागे मी सोनेरी गोल काढायचा होता.

दुकानाला कुलूप लावून मी तशीच अच्चनकडे गेले. ते व्हरांड्यात तांदूळ निवडत बसले होते.

“मी हे करणार नाही,” मी म्हटलं.

“बस.”

“बसायला नाही आले. तुम्हाला माहीत आहे मथाईसाहेबाने माझ्या बाबांचं काय केलं. मी तुम्हाला सांगितलंय.”

“चेहरा मथाईचा काढायचा नाही. संताचा चेहरा ठरलेला असतो. ते मी रेजीला सांगीन.”

“मग त्याची फळी कशाला? दुसरी फळी नाही का गावात? मी आणते सॉ मिलमधून.”

“फळी तीच,” अच्चन म्हणाले. तांदळातून त्यांचं बोट फिरत होतं, कापत होतं. “संत कोण आहे, विचारलं नाहीस.”

“कोण?”

“मकारियोस. इजिप्तमधला साधू. गावाबाहेर झोपडीत राहायचा, टोपल्या विणायचा. गावातल्या एका मुलीला दिवस गेले. तिने याचं नाव घेतलं. लोकांनी याच्या गळ्यात काळी मडकी बांधली, मारत मारत गावभर फिरवलं.”

“आणि याने केलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग काय म्हणाला?”

“काही नाही. स्वतःला म्हणाला, मकारियोस, आता तुला बायको आहे, जास्त टोपल्या विणायला पाहिजेत. रात्रंदिवस विणायचा आणि तिच्याकडे पाठवायचा.”

“मला नाही आवडला,” मी म्हटलं.

“आवडायला पाहिजे असं नाही. रंगवायचा आहे.”

“खरं कधी बाहेर आलं?”

“मुलगी अडली. तीन दिवस सुटका होईना. तेव्हा तिनेच सांगितलं. सगळं गाव माफी मागायला निघालं.”

“मग?”

“त्याला कळलं आणि तो पळून गेला.”

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. अच्चनने सूप खाली ठेवलं. “फळी खरवडून आण,” ते म्हणाले. “चेहऱ्याचं नंतर बघू. चेहरा शेवटी असतो. पण फळी तळापर्यंत खरवड. दोन्ही बाजूंनी.”

“मागची बाजू कशाला? मागे मखमल लागते.”

“दोन्ही बाजूंनी, मोळे.”

दहा वर्षांत त्यांनी मला मागची बाजू खरवडायला कधी सांगितलं नव्हतं. म्हातारपणाचा चक्रमपणा म्हणून मी सोडून दिलं. तीन दिवस फळीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, फुटक्या बाटलीची काच घेऊन बसले.

वरची बाजू, दिव्याची, सोपी गेली. करडा रंग थेट लाकडावर होता, तेल मुरून मऊ झालेला. मग फळी उलटली. ही बाजू वीस वर्षं खाली होती, जमिनीकडे तोंड करून. काच टेकवली आणि रंगाचा मोठा पापुद्रा पोळीच्या पदरासारखा सुटून आला. मी मनात म्हटलं, कुणी अडाण्याने दिलाय. आधीच्या चकचकीत ऑइलपेंटवर न घासता दुसरा रंग मारला की तो धरत नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. पापुद्र्याखाली पांढरं होतं. पांढऱ्यात लाल होतं.

मी काच ठेवली आणि नखाने सोलायला लागले.

आधी काना निघाला. मग ‘त’. बाबांच्या ‘त’चा पाय जरा लांब असायचा, चालायला निघाल्यासारखा. मग दुसरा शब्द, आणि ‘म’, आणि ‘म’च्या पोटात, डावीकडे, माझा थेंब.

*धोका. आत माणूस आहे. बटन दाबू नये.*

खाली कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या आकड्यांत, जसं ते प्रत्येक बोर्डवर घालत: ७-३-७९. बुधवार. देवाजी गेला ती नऊ तारीख.

मी रडले नाही. कुणी विचारलं तर आजही सांगते, रडू आलंच नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, फळी मांडीवर घेतली आणि मोठ्याने म्हटलं, “केला होता, बाबा.” आणि मग माझ्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसायला लागली. मथाईसाहेबाने बोर्ड घेतला, लावायचा राहिला. माणूस मेला, बोर्ड पिशवीत घालून घरी नेला. जाळला नाही. का ते मला माहीत नाही. मशीनचा रंग फासून देवाखाली ठोकला आणि रोज त्याच्यासमोर गुडघे टेकले. वीस वर्षं. बाबा पाट्या लिहीत होते, विचारत होते, मरत होते, आणि फाटकापलीकडे त्यांच्या अक्षरांवर दिवा लागत होता.

आणि मग शेवटची गोष्ट जागेवर बसली. *दोन्ही बाजूंनी, मोळे.*

भर दुपारी फळी पदरात गुंडाळून मी फाटक ओलांडलं. अच्चन आत होते, वाटीत बलक ढवळत. कुणासाठी ढवळत होते देव जाणे. माझीच वाट बघत असतील. मी फळी त्यांच्यासमोर ठेवली, अक्षरं वर करून. त्यांना मराठी बोलता येई, वाचता फारसं नाही. पण त्यांनी वाचायचा प्रयत्नही केला नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

ते ढवळत राहिले.

“मथाईसाहेबाने तुमच्याकडे कबुली दिली. तुमच्यात असतं ते, पडद्याआड, पाप सांगायचं. त्याने सांगितलं तुम्हाला.”

“कबुलीत कोण काय सांगतो ते मी सांगू शकत नाही. कोणी सांगितलं की नाही सांगितलं, तेही नाही.”

“म्हणजे सांगितलं.”

“मी काही म्हटलं नाही.”

“तुम्ही दर बुधवारी माझ्यासमोर बसायचा. मी बाबांच्या गोष्टी सांगायची. तुम्ही मान हलवायचा.” माझा आवाज चढला नव्हता. माझा आवाज रागात खाली जातो, तो बाबांकडून आला. “बाबा आजारी होते तेव्हा तुम्ही संत्री घेऊन आला होता. खाटेशेजारी बसला होता. आठवतं?”

“आठवतं.”

“मग मला एकच सांगा. बाकी काही विचारत नाही. तुम्हाला कळलं तेव्हा बाबा होते की गेले होते?”

चमचा थांबला. अच्चनच्या दाढीत बलकाचा एक ठिपका पडला होता. ते माझ्याकडे बघत होते. मी थांबले. बाहेर मालगाडी येऊन गेली, सगळे डबे. शब्द आला नाही.

“होते की गेले होते, अच्चन?”

“मी तुला फळी खरवडायला सांगितलं,” ते शेवटी म्हणाले. “माझ्याने तेवढंच झालं, मोळे. तेवढंही करायला नको होतं.”

“मला मोळे म्हणू नका.”

फळी उचलली आणि आले. आजतागायत मला माहीत नाही. ते पाच वर्षांनी गेले, तेव्हाही नाही सांगितलं. निरोप आला होता की अच्चन आठवण काढतात. मी गेले, हातपंख्याने वारा घातला, पेज भरवली. एवढं सगळं केलं, आणि तरी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. उत्तर ‘होते’ असं आलं असतं तर मी तो चमचा कुठे ठेवला असता?

पण ते नंतरचं. त्या वेळी मी घरी येऊन फळीच्या कोऱ्या बाजूवर सरसाचा पहिला हात दिला.

का दिला, हे मला कुणी विचारलं तर काय सांगू. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. कारखान्याचे तेव्हाचे साहेब कधीच निघून गेले होते, फोरमन मेला होता, चौकशीचे कागद वाळवीने खाल्ले असतील. मी फळी घेऊन चौकात उभी राहिले असते तर लोक म्हणाले असते, पेंटरचीच पोरगी, तिनेच रंगवला असेल. रंगवू शकलेही असते. हे सगळं डोक्यात आणि हातात सरसाचा ब्रश. हात थांबला तर मी काहीतरी फोडलं असतं.

अच्चनने शिकवलं होतं की रागात असताना संत काढायचा नाही. उपास करावा, मन शांत करावं. मी उपास केला नाही, दोन वेळा जेवले, आणि राग धरून काढला. रागाने हात कापतो असं कोण म्हणतं? माझा तर ओळंब्यासारखा स्थिर झाला. काळोख लावला. त्यातून खांदे आले, मळक्या मातीच्या रंगाची वल्कलं आली, टोपलीची एकेक वीण आली. टोपली मी आमच्या इथल्या बांबूची काढली, बुरूड लोक विणतात तशी. चेहऱ्यासाठी शिकवताना अच्चनने दिलेला साधूचा नमुना समोर होता: लांब, उपाशी, कपाळावर तीन आठ्या. तो मथाईसारखा नव्हता. मनात आलं होतं, बाबांसारखा काढावा. एक दिवस तसा पेन्सिलने आखलाही. मग खोडला. हा माणूस गप्प बसून टोपल्या विणत होता. माझा बाप गप्प नव्हता. तो अकरा वर्षं विचारत होता.

चेहरा झाला त्या दिवशी मी मकारियोसशी भांडले. म्हटलं, तुझं ठीक आहे, तुझी ती पोरगी अडली म्हणून बोलली. आमचा फोरमन वीस वर्षं अडला नाही. त्याने त्याच्या लांब नाकावरून माझ्याकडे बघितलं. नाकावरचा उजेड बरोबर आला होता.

नाव तेवढं लिहिलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी रेजी आला. हातात लाल मखमल, मागच्या बाजूला लावायला, आणि चिवड्याचा पुडा माझ्यासाठी. चित्र बघून तो थोडा हिरमुसला.

“छान आहे,” म्हणाला. “अच्चनने सांगितलं होतं, चेहरा बदलता येत नाही. तरी... जाऊ द्या. नाव राहिलंय?”

“राहिलंय. आधी मागून बघा.”

“मागे काय?”

“तुमच्या घरची फळी आहे. बघा.”

त्याने ती दोन्ही हातांनी उलटली. तो आमच्या गावच्या मराठी शाळेत शिकलेला, त्याला वाचायला वेळ लागला नाही. तारीख वाचायला मात्र लागला. मग तो स्टुलावर बसला.

“हे कशावर...” म्हणाला आणि थांबला. “हे खाली होतं?”

“दिव्याच्या खाली.”

“चिपरचा आहे हा. तो माणूस मेला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पप्पांनी त्याच आठवड्यात फळी ठोकली. मी खिळे धरले होते.” तो स्वतःच्या हातांकडे बघायला लागला. “मम्मीने एकदा पुसायला म्हणून काढायला घेतली तर पप्पा तिच्या अंगावर धावले. आम्हाला वाटलं, देवाची फळी म्हणून.”

एवढे दिवस मनात भाषणं तयार केली होती, चांगली धारदार, ती सगळी तिथेच होती. पण त्याने “मी खिळे धरले होते” म्हटलं आणि मला माझा थेंब आठवला. एकाच फळीला आम्ही दोन पोरांनी हात लावला होता.

“तुमच्या बाबांना काढलं होतं ना यावरून,” तो म्हणाला.

“हो.”

“आता तुम्ही काय करणार?”

“मी माझं काम केलं. मागची बाजू रंगवणाऱ्याची नसते. मखमल तुम्ही आणलीय, तुम्हीच लावा. किंवा नका लावू.”

मग मी त्याच्यासमोर बसून नाव लिहिलं. बाबांच्या अक्षरात, लाल रंगात. ‘म’च्या पोटात थेंब पडू दिला नाही. रेजीने चित्र मखमलीत गुंडाळलं आणि चिवड्याचा पुडा टेबलावरच विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मिरवणूक निघायची होती. फाटकातून कारखान्याच्या मोठ्या दरवाज्यापर्यंत आणि परत. मी जाणार नव्हते. साडेतीनला शटर ओढून निघाले. दरवाज्याशेजारच्या पिंपळाखाली जनाबाई मडावी बसते, पुढ्यात गोणपाटावर बोरांचे वाटे. वीस वर्षं तिच्याकडून आमच्या घरात बोर आलं नव्हतं. ती मला बघून तोंड फिरवायची आणि मी रस्ता बदलायची. त्या दिवशी मी तिच्यापासून चार हातांवर जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं.

“का व्हय?” म्हणाली.

“मिरवणूक बघायला.”

“बघ तं. माह्यावर सावली नोको पाडू.”

मी सरकले. आधी ढोल आले, मग रंगीत छत्र्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, गाणं म्हणत. मग अच्चन, काळा झगा, दोन माणसांनी धरलेले. त्यांनी मला बघितलं. मी बघितलं नाही. त्यांच्या मागे रेजी, छातीशी काठी धरून, काठीवर मकारियोस. उन्हात सोनेरी गोल असा पेटला होता की चेहरा दिसेना. पुढून काहीच कळत नव्हतं. लोक हात जोडत होते. रेजीचं तोंड पांढरं पडलं होतं आणि तो सरळ समोर बघत चालत होता, दरवाज्याकडे, बापाच्या चिपरकडे.

तो आमच्या समोरून गेला.

मागे मखमल नव्हती. पांढऱ्यावर लाल अक्षरं होती, आणि त्यांच्या मागून चालणारे लोक एकेक करून गाणं थांबवत होते. एका म्हाताऱ्या मलबारी फिटरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

“मांगं काय लिवलं हाये वं?” जनाबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. “सारे कामून थांबून राहिले?”

मी वाचून दाखवलं. धोका. आत माणूस आहे. बटन दाबू नये. आणि तारीख; ती मी दोनदा वाचली.

तिच्या हातातलं माप तसंच राहिलं. ती जागेवरून उठली नाही. मिरवणूक दरवाज्यापाशी वळायला लागली, तेव्हा तिने माप खाली ठेवलं.

“कोनाचं अक्षर हाये?”

“माझ्या बाबांचं.”

“कोठी होता हा इतके दिवस?”

“मथाईसाहेबाच्या घरी. दिव्याखाली.”

रेजी वळला होता. आता मकारियोस आमच्याकडे येत होता, तोंड करून. जनाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती अजून जिथून फळीची पाठ दिसेनाशी झाली त्या जागेकडे बघत होती.

“म्हन्जे लिवला होता त्यानं,” ती म्हणाली.

“लिहिला होता.”

तिने बाजूचं गोणपाट हाताने झटकलं, बोरांचा एक वाटा पलीकडे सारला आणि जागा केली.

“बस,” म्हणाली.